माणूस एकही नाही, तरी सरपंच आहे : फ्लेरी-दव्हाँ-दुओमों

मोझेलकाठ (धागालेखक)

फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे तिथली सगळ्यात खालची स्वराज्य संस्था. पॅरिस हीसुद्धा कम्यून आणि डोंगरातलं वीस उंबऱ्यांचं खेडं हीसुद्धा कम्यूनच. दोघांना हद्द असते, नाव असतं, मेअर असतो, जन्ममृत्यूची वही असते. १७८९च्या क्रांतीत चर्चच्या जुन्या पॅरिशच्या हद्दी बहुतेक ठिकाणी जशाच्या तशा उचलल्या गेल्या, म्हणून ही वाटणी आजही इतकी बारीक आहे. द्रोम जिल्ह्यात रोशफुर्शा नावाचं कम्यून आहे, तिथली लोकसंख्या कित्येक वर्षं १ अशी नोंदवली जायची.

पण सहा कम्यून अशी आहेत की जनगणनेत त्यांच्यापुढे शून्य येतं, आणि ते शंभराहून अधिक वर्षं येतंय. सहाही ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्डन शहराच्या आसपास, म्यूज नदीच्या दोन्ही अंगांना. फ्लेरी-दव्हाँ-दुओमों, बझोंव्हो, बोमों-आँ-व्हर्दुन्वा, ओमों-प्रे-सामोन्यो, लूव्हमों-कोत-द्यु-प्वाव्र आणि क्युमिएर-ल-मोर-ओम. मी नान्सीला राहतो, भारतातून पाहुणे आले की व्हर्डनची फेरी होतेच, आणि दर वेळी मी त्यांना दुओमों किल्ल्याआधी फ्लेरीत नेतो. हा धागा फ्लेरीपुरताच.

व्हर्डनच्या ईशान्येला गाडीने पंधरा मिनिटांवर हे गाव होतं. कम्यूनचं क्षेत्रफळ सुमारे १० चौरस किलोमीटर. पहिल्या महायुद्धाआधी वस्ती ४२२. शेती, लाकूडकाम, एक चर्च, शाळा, कपडे धुण्याची सार्वजनिक जागा, बेकरी, लोहार, एक-दोन कॅफे. इतिहासात नाव यावं असं इथे काही घडलेलं नव्हतं. गाव एका लांबट धारेवर बसलेलं. वायव्येला तिओमों आणि फ्रॉइदतेर, आग्नेयेला सूव्हिल किल्ला, उत्तरेला दुओमों किल्ल्याची टेकडी. सूव्हिल हाती आला की खाली थेट व्हर्डन दिसतं, आणि सूव्हिलच्या वाटेत फ्लेरी. गावाचा एवढाच अपराध.

२१ फेब्रुवारी १९१६ला पहाटे जर्मनांच्या सुमारे १,२०० तोफा सुरू झाल्या, व्हर्डनची लढाई पेटली आणि गाव रिकामं करण्यात आलं. लोकांनी हाताला लागेल ते घेतलं. काही दिवसांनी परत यायचंय अशाच बेताने सगळे निघाले असणार. २५ फेब्रुवारीला दुओमों किल्ला पडला, तोही जवळजवळ लढाईशिवाय, कारण फ्रेंचांनी तिथली शिबंदी आधीच काढून घेतली होती. ७ जूनला शेजारच्या व्हो किल्ल्यातल्या फ्रेंचांनी शस्त्रं ठेवली. मग २२ जूनच्या रात्री विषारी वायूचे सुमारे १ लाख गोळे पडले आणि २३ला जर्मन पायदळ तिओमों ओलांडून फ्लेरीत शिरलं. 'तुम्ही त्यांना पुढे जाऊ देणार नाही' हा फ्रेंच जनरल निव्हेलचा हुकूम त्याच दिवसाचा.

तिथून १८ ऑगस्टपर्यंत गाव या हातातून त्या हातात जात राहिलं. १६ वेळा, असं सांगतात. गाव म्हणजे तेव्हा विटांच्या चुऱ्याचा एक पट्टा होता. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत फक्त जमिनीचा रंग थोडा वेगळा दिसतो. शेवटी मोरोक्कोच्या वसाहती पायदळ रेजिमेंटने ते कायमचं परत घेतलं. कायमचं म्हणजे, घेण्यासारखं काही उरलेलं नसताना.

युद्धानंतर सरकारने जमिनीची प्रतवारी केली. जी जमीन पुन्हा लागवडीला आणायचा खर्च तिच्या किमतीहून जास्त, ती लाल पट्ट्यात. सुरुवातीला हा पट्टा ईशान्य फ्रान्सभर मिळून १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास होता. फ्लेरी त्याच्या ऐन मध्यावर. सरकारने जमिनी विकत घेतल्या, मालकांना भरपाई दिली, त्यावर झाडं लावली. घरं बांधायला परवानगी नाही. पण कम्यून मात्र बरखास्त केलं नाही. 'फ्रान्ससाठी मृत' हा जो शेरा सैनिकाच्या नावापुढे लागतो तो या गावांना दिला. जिल्ह्याचा प्रेफे, म्हणजे सरकारने नेमलेला जिल्हाप्रमुख, तीन जणांचं मंडळ नेमतो, त्याचा अध्यक्ष मेअरचं काम बघतो. तो तिरंगी पट्टा घालतो, सही-शिक्का वापरतो. हद्द आहे, दप्तर आहे.

आज तिथे गेलात तर झाडी आहे, आणि जमीन कुठेही सपाट नाही. सगळीकडे खळगे, त्यावर गवत. गल्ल्या जिथे होत्या तिथे पायवाटा आखल्यात. वाटेच्या कडेला छोटे खुंट आहेत, त्यांवर लिहिलंय: बेकरी, शेतकरी, लोहार, शाळा. मधोमध एक चॅपेल, युरोपच्या मातेचं. बस.

रेवाकाठी

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न, हे मेअर दिवसभर करतात काय? दाखला मागायला येणार कोण?

मोझेलकाठ

बाळबोध अजिबात नाही, मीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं. कामं तीन प्रकारची. स्मारकं, चॅपेल आणि पायवाटांची देखभाल. वार्षिक समारंभ. आणि पत्रव्यवहार, कारण मूळ रहिवाशांचे पणतू-खापरपणतू अजून विचारणा करतात आणि सैनिकांची कुटुंबंही करतात. अधूनमधून खरंखुरं सरकारी कामही निघतं. २०१३ साली फ्लेरीच्या हद्दीत २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. ते ९७ वर्षं तिथेच होते. काहींची ओळख गळ्यातल्या-मनगटावरच्या बिल्ल्यांवरून पटली. असं काही सापडलं की ते कुठल्या कम्यूनमध्ये सापडलं हे कागदावर लागतंच.

खडकफोड्या

धागा छान, पण भूगोल दोन ओळींत उरकलात. थोडी भर घालतो.

पॅरिसचं खोरं म्हणजे एकात एक ठेवलेल्या ताटल्या. मधल्या ताटलीत पॅरिस. पूर्वेकडे जावं तशी एकेका ताटलीची कड वर येते. कठीण चुनखडकाची कड, तिच्यापुढे मऊ चिकणमातीचं मैदान, मग पुढची कड. प्रत्येक कडेचा पश्चिम उतार सौम्य आणि पूर्वेची बाजू उभी. पूर्वेकडून येणाऱ्या शत्रूच्या समोर निसर्गानेच तटबंदी घातलेली आहे. व्हर्डनच्या पूर्वेची कड म्हणजे म्यूजच्या टेकड्या, जुरासिक काळातल्या प्रवाळयुक्त चुनखडकाच्या. तिच्यापुढे पूर्वेला व्हुआव्रचं मैदान: चिकण माती, तळी, चिखल. दुओमों किल्ला सुमारे ३९० मीटरवर आणि व्हर्डन शहर २००च्या आसपास, म्हणजे वरून खाली किती दिसत असेल बघा.

१८७१मध्ये अल्सास आणि लोरेनचा मोठा भाग जर्मनीत गेला आणि सरहद्द एकदम व्हर्डनच्या दारात आली. मग जनरल सेरे द रिव्हिएरने या कडेवर किल्ल्यांची रांग बांधायला घेतली. दुओमोंचं काम १८८५ला सुरू झालं. फ्लेरीची माणसं शेतात काम करता करता हे सगळं डोळ्यांदेखत बांधलं जाताना बघत होती. म्हणजे १९१६ हे त्यांच्यावर आभाळातून पडलं नाही, तीस वर्षं शेजारी चुना-काँक्रीट कालवलं जात होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. चुनखडक पाणी धरत नाही, ते भेगांतून खाली जातं. माथ्यावर झरे कमी, ओढे सगळे घळींत. लढाईच्या आठवणींत तोफांइतकीच तहान येते ती यामुळे. व्हो किल्ला शेवटी तहानेने पडला.

कावळा_कोकणचा

मोर-ओम म्हणजे 'मेलेला माणूस' ना? लढाईनंतर ठेवलेलं नाव दिसतंय. अंगावर काटा आला.

मोझेलकाठ

नाही, टेकडीचं हे नाव लढाईच्या कितीतरी आधीचं. सैन्याच्या जुन्या नकाशांत ते आहे. युद्धाने ते खरं केलं इतकंच. क्युमिएर गावाच्या नावाला ही शेपटी मात्र युद्धानंतर जोडली गेली, लूव्हमोंला 'मिऱ्यांची टेकडी' जोडली तशीच. मोर-ओमच्या टेकडीवर १९२२पासून एक सांगाडा उभा आहे, कफन फेकून देणारा, हातात झेंडा. पुतळा दगडाचा आहे, पण संध्याकाळी एकट्याने जाऊ नये.

भाषाभगिनी

नावांचा विषय निघालाच आहे तर थांबवत नाही.

'फ्लेरी' ऐकून फुलांचं गाव वाटतं, पण बहुधा तसं नाही. रोमन काळातल्या जमीनदाराच्या नावाला '-आकुम' लावून वाडीचं नाव होई. फ्लोरुसची वाडी ती फ्लोरियाकुम. दक्षिणेत या शेपटाचं '-आक' झालं, म्हणून कोन्याक, ओरियाक. उत्तरेत ते घासून नुसतं 'ई' राहिलं. म्हणूनच फ्रान्सभर फ्लेरी डझनांनी आहेत आणि ओळखीसाठी प्रत्येकीला शेजाऱ्याचं नाव लावावं लागतं. 'दव्हाँ-दुओमों' म्हणजे दुओमोंच्या पुढ्यातली फ्लेरी.

जरा नकाशा बघा, थर दिसतात. व्हर्डनच्या नावातलं '-दून' केल्टिक, म्हणजे गढी. फ्लेरी रोमन. आव्होकूर, बेतँकूर ही '-कूर'वाली गावं फ्रँक लोक आल्यानंतरची, कुणा जर्मानिक नावाच्या माणसाचा वाडा. त्यावर मग शेतकऱ्यांनी दिलेली शिवारांची नावं: फ्रॉइदतेर म्हणजे थंड माती, कोत द ल्वा म्हणजे हंसिणीची टेकडी, फ्लेरीजवळची 'द्राक्षमळ्यांची घळ'. म्यूजच्या उतारांवर खरोखरच द्राक्षं होत. आणि सगळ्यात वरचा थर सैनिकांचा. दुओमोंजवळ 'बाईची घळ' होती, १९१६मध्ये ती 'मरणाची घळ' झाली. टेकड्यांना तर नावंही उरली नाहीत, नुसते उंचीचे आकडे. कोत ३०४, म्हणजे समुद्रसपाटीपासून ३०४ मीटर.

मला विचाराल तर सहा गावांना कागदावर जिवंत ठेवण्याचा खरा उपयोग हा. कम्यून गेलं की शिवाराची नावं अनाथ होतात, आणि तिथे वन खात्याचे गट क्रमांक येतात.

निवांत_नीलू

+१ भाषाभगिनी. वेगळा धागा काढा यावर.

आबा_जतकर

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते असं घरात सांगतात. व्हर्डनलाच असतील का? घरी कागद काही नाही.

मोझेलकाठ

आबा, व्हर्डनची शक्यता फार कमी. ती लढाई फ्रेंच आणि जर्मन यांची. भारतीय पायदळ १९१४च्या शरदात फ्रान्सला आलं आणि १९१५ संपताना बहुतेक मेसोपोटेमियाकडे हललं, म्हणजे व्हर्डन सुरू व्हायच्या आधीच. घोडदळ आणि कामगार तुकड्या नंतरही फ्रान्समध्ये होत्या, पण ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात, उत्तरेला.

तुमच्या कामाचं गाव वेगळंच आहे: न्यव्ह-शापेल. पा-द-कालेमधलं, बेतून शहराजवळचं, सपाट ओल्या मातीचं कम्यून. तिथे भारतीय स्मारक आहे, हर्बर्ट बेकरने आखलेलं, ७ ऑक्टोबर १९२७ला उघडलं. ४,७००हून अधिक नावं कोरली आहेत, ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांची. आणि महाराष्ट्राचा धागा पक्का आहे: २८ ऑक्टोबर १९१४ला त्या गावावर ४७व्या शीख पलटणीसोबत जो हल्ला झाला त्यात आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २०व्या आणि २१व्या कंपन्या होत्या. ते खंदक खणणारे, पूल बांधणारे लोक, त्यांना पायदळासारखं पुढे घातलं. नुकसान भयंकर झालं. पणजोबांची पलटण कळली तर व्यनि (खाजगी निरोप) करा, राष्ट्रकुल युद्ध थडगी आयोगाची यादी नावावरून शोधता येते.

आबा_जतकर

आभारी आहे. धाकट्या काकांकडे एक पदक आहे, त्याच्या कडेवर काही कोरलेलं आहे. विचारतो.

खडकफोड्या

आबा, तेच हवंय. त्या पदकांच्या कडेवर बहुधा क्रमांक, नाव आणि पलटण असते. भिंग घेऊन बसा. घासून चकचकीत करू नका.

तिरकस_तात्या

सगळं भावुक होऊन वाचलं. आता तिरका प्रश्न. मतदार नाही, निवडणूक नाही, सरकारने नेमलेला मेअर. याला कम्यून कशाला म्हणायचं? शेजारच्या गावात विलीन करा आणि एक पाटी लावा. आपल्याकडेही महसुलाच्या दप्तरात बेचिराग, म्हणजे वस्ती नसलेली, गावं असतात, त्यांना कुणी सरपंच नेमत नाही.

भाषाभगिनी

तात्या, बेचिराग गावाचंही नाव आणि शिवार दप्तरात राहतंच की. तुम्हीच बाजू मांडलीत माझी.

मोझेलकाठ

तात्यांचा मुद्दा तिथेही निघतो. आणि विलीनीकरण अगदीच झालेलं नाही असं नाही. उद्ध्वस्त गावं एकूण नऊ धरतात. त्यातल्या ओर्न, व्हो आणि दुओमों इथे थोडी माणसं परत आली, म्हणून तिथे रीतसर निवडणूक होते. त्यातली दुओमों आणि व्हो १ जानेवारी २०१९ला एकत्र झाली, आता दुओमों-व्हो असं एकच कम्यून आहे. गंमत म्हणा की दुर्दैव, ज्यांच्याकडे मतदार होते त्यांना विलीन व्हावं लागलं. ज्यांच्याकडे कुणीच नाही ती सहा तशीच आहेत, कारण तिथे विलीनीकरणाला हो म्हणणाराही कोणी नाही.

माझं मत विचाराल तर खर्च नगण्य आहे. लोकशाहीचा आक्षेप बरोबर आहे, पण तो कुणाचा हक्क मारला गेला तर. इथे कुणाचा मारला गेलाय?

तिरकस_तात्या

मेलेल्यांचा. त्यांना विचारलं नाही, परत जाऊन घर बांधायचंय का म्हणून. भरपाई दिली आणि झाडं लावली.

मोझेलकाठ

हे मात्र मान्य. कित्येकांना परत यायचं होतं आणि नियमाने ते अडवलं गेलं. झाडी ही निसर्गाची किमया नाही, ठरवून लावलेली आहे. आधी काळे पाइन, कारण चुनखडीच्या उखडलेल्या जमिनीत तेच तगत होते. अलीकडच्या दशकांत त्यांच्या जागी बीचची झाडं वाढवताहेत. सुमारे १०,००० हेक्टरचं सरकारी जंगल आहे ते.

रेवाकाठी

जमिनीत अजून विष आहे असं वाचलंय, ते खरं का?

खडकफोड्या

काही ठिकाणी, हो. व्हर्डनच्या उत्तरेला रानात एक जागा आहे जिथे १९२०च्या दशकात वायूचे गोळे जाळून नष्ट केले. तिथल्या मातीत आर्सेनिक इतकं आहे की मधल्या भागात जवळजवळ काहीच उगवत नाही. फ्लेरीत ते प्रमाण नाही, पण न फुटलेले गोळे सगळीकडे आहेत. सुरुंगनाशक पथकं आजही दरवर्षी गोळे गोळा करतात.

कावळा_कोकणचा

ते संगिनींच्या खंदकाचं काय? उभ्याच्या उभे गाडले गेलेले सैनिक, वर फक्त संगिनी दिसतात. कुठल्या तरी पुस्तकात वाचलं होतं.

मोझेलकाठ

तो दुओमोंच्या हद्दीत, वर काँक्रीटचं मोठं स्मारक आहे. कथा बहुतेक इतिहासकार मानत नाहीत. खंदकात प्रेतं पुरून खुणेसाठी बंदुका रोवायची रीत होती, त्यातून ही कथा उभी राहिली असावी. मी पाहुण्यांना तिथे थांबवत नाही. त्यापेक्षा अस्थिगृहासमोरची दफनभूमी बघा. १६,१४२ थडगी, आणि ती फ्लेरीच्याच नावावर आहे. म्हणजे शून्य लोकसंख्येच्या कम्यूनच्या नावाने देशातल्या मोठ्या युद्ध-दफनभूमींपैकी एक. त्यात ५९२ थडगी मुसलमान सैनिकांची, मक्केकडे तोंड केलेली. उत्तर आफ्रिकेचे लोक खूप होते. २४ ऑक्टोबरला दुओमों किल्ला परत घेताना सेनेगाली आणि सोमाली तुकड्याही होत्या. अस्थिगृहात सुमारे १,३०,००० अनोळखी फ्रेंच आणि जर्मनांची हाडं एकत्र आहेत, खालच्या छोट्या खिडक्यांतून दिसतात. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा.

निवांत_नीलू

आम्ही ऑक्टोबरमध्ये पॅरिसला येतोय, मुलगा बारा वर्षांचा. एका दिवसात जमेल का? गाडी चालवणार नाही.

मोझेलकाठ

जमेल, पण पहाटे निघा. पॅरिसहून म्यूज टीजीव्ही या वेगवान रेल्वेच्या स्थानकापर्यंत गाडी, तिथून व्हर्डनला बस. स्थानक शेतांच्या मध्ये आहे, बस चुकली तर तिथे चहासुद्धा मिळायचा नाही, म्हणून जोडणी आधी बघून ठेवा. व्हर्डनहून टॅक्सीने थेट फ्लेरीच्या मेमोरियलपाशी, म्हणजे युद्धाच्या संग्रहालयापाशी उतरा. ते फ्लेरीच्या जुन्या रेल्वे स्थानकाच्या जागेवर आहे, १९६७ला उघडलं आणि २०१६मध्ये नव्याने. तिथून गावाची जागा पायी काही मिनिटांवर. आधी गाव करा, मग मेमोरियल, कारण आत छायाचित्रं पाहून बाहेर आलात तर मुलगा खळग्यांत उतरायला तयार होणार नाही. आखलेली वाट सोडायची नाही, जमिनीतून धातूचं काही डोकावत असेल तर हात लावायचा नाही, हे त्याला गाडीतच सांगून ठेवा. आणि बूट जाड घ्या, ऑक्टोबरमध्ये पानांखाली चिखल असतो.